भरपाई की कृपा?

झाशीस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिनाभरात तीन ठिकाणी आवर्जून नेण्यात येते. एक किल्ला, दुसरे १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह जेथे झाला ते गणेशमंदिर, आणि तिसरा शहरातील राणीमहाल. आम्हांसही तसेच नेण्यात आले. किल्ल्याच्या तटावरून, पाठीशी मूल बांधून राणीने घोडा कोठून फेकला ते स्थळ दाखविताना आमच्या यजमानांचा कंठ दाटून आला होता, आणि आमचाही आला. परंतु जन्मभर कागद हाताळणाऱ्या माणसाची खोड अशी की, घोड्याच्या टापांपेक्षा कागदाची सळसळ त्यास अधिक ऐकू येते. राणीमहालाच्या रंगविलेल्या छताखाली उभे असताना आमच्या मनात आले की, तलवार हाती घेण्यापूर्वी तीनचार वर्षे ह्या बाईने दुसरेच एक युद्ध केले होते. ते अर्जांचे होते, आणि त्यात तिचा पराभव झाला होता.

त्या पराभवाची हकीकत वाचकांस स्थूलमानाने विदित आहे. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांसमक्ष दत्तकविधान केले होते. फेब्रुवारी १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने ते दत्तक अमान्य करून संस्थान खालसा करण्याचा निर्णय दिला. अमान्य केले म्हणजे राज्यापुरते. खासगी मिळकतीपुरता दामोदरराव हा कायदेशीर वारस असल्याचे सरकारने मान्य केले आणि ती मिळकत त्याच्या वतीने आपल्या ताब्यात ठेवली. राणीला दरमहा ५,००० रुपयांचे वेतन नेमून दिले, आणि पुढे त्यातूनच दिवंगत राजांचे कर्ज वळते करून घेण्याचे ठरविले. एका हाताने देणे आणि दुसऱ्या हाताने घेणे ह्या कलेत सरकारी खाते तेव्हापासूनच निष्णात होते असे म्हणावे लागते.

त्याच वर्षी जॉन लँग नावाचा एक वकील राणीच्या बोलावण्यावरून झाशीस आला. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्याने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात ह्या भेटीची हकीकत दिली आहे. राणीला त्याने सल्ला दिला तो असा : विलायतेत दाद मागावी, आणि तोपर्यंत वेतन घ्यावे. परंतु ते आपला हक्क राखून, निषेध नोंदवून घ्यावे, म्हणजे दत्तक पुत्राच्या दाव्यास बाध येणार नाही. राणीने प्रथम साफ नकार दिला. झाशी न देण्याविषयीचा जो उद्गार आज घरोघर ठाऊक आहे, तो ह्याच प्रसंगी, एका वकिलाने दिलेल्या व्यवहारी सल्ल्याला उत्तर म्हणून निघालेला आहे. त्यातील वीरश्री आपण पुष्कळ गायिली. त्यातील कायदा मात्र आपल्या नजरेतून निसटला. राणीचे म्हणणे असे होते की, जे माझे आहे ते मला हक्काने द्या, तुमच्या कृपेने नको. सरकारचे म्हणणे असे की, हक्क काहीच नाही, कृपा हवी तेवढी आहे. ज्या मुलाच्या नावाने मिळकत ठेवून घेतली त्यानेही पुढचे आयुष्य इंदुरास अल्पशा निवृत्तिवेतनावर, म्हणजे कृपेवरच, काढले.

हा फरक आम्हांस का बोचला हे सांगितले पाहिजे. पूर्वी एका गावी आम्ही नेमणुकीवर असताना तेथील कचेरीच्या आवाराबाहेर नळाच्या कामासाठी खड्डा खणण्यात आला होता. त्याभोवती कठडा नव्हता, रात्री कंदील नव्हता. चार दिवसांनी दिवेलागणीच्या सुमारास एक वयस्क गवळी सायकलसह त्यात पडला आणि त्याची मांडी मोडली. त्याच्या मुलाने अर्ज केला. अर्ज साध्या भाषेत होता. बाप दोन महिने कामावर जाऊ शकला नाही, औषधपाण्यास इतका खर्च आला, तरी ‘नुकसानभरपाई’ मिळावी. टिपण लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही अर्जातलाच शब्द वापरून मसुदा तयार केला. वरिष्ठ सज्जन होते, त्यांना गवळ्याची कीव आली होती. त्यांनी फक्त एक शब्द खोडण्यास सांगितले. ‘भरपाई’ म्हटले की चूक कबूल केल्यासारखे होते, त्याऐवजी ‘सानुग्रह मदत’ लिहा, म्हणजे कोणालाच त्रास नाही, असे ते म्हणाले. आम्ही तो शब्द खोडला. पाच हजार रुपये मंजूर झाले, गवळ्याच्या मुलाने हात जोडून आमचे आभार मानले, आणि प्रकरण बंद झाले. ते हात जोडणे आम्हांस आजही अस्वस्थ करते. ज्याचे देणे लागतो त्याच्याकडून आम्ही आभार घेतले होते.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे. सरकारच्या माणसाच्या हयगयीने कोणाचे नुकसान झाले, तर ते भरून देणे हे सरकारचे कर्तव्य आहे की औदार्य? ह्या प्रश्नाला आपल्या देशात सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मराठी माणसे वादी म्हणून आणि न्यायाधीश म्हणूनही ठिकठिकाणी भेटतात. तो सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम हयगय म्हणजे काय ते पाहू. इंग्रजी कायदा ज्यास टॉर्ट म्हणतो आणि आपले कायदेपंडित अपकृत्य म्हणतात, त्यात हयगयीचे स्थान मोठे आहे. अपकृत्यात शिक्षा नसते, म्हणून तो गुन्हा नव्हे. त्याला दोघांमध्ये अगोदर झालेला करार लागत नाही, म्हणून तो करारभंगही नव्हे. येथे फक्त नुकसान करणारा, नुकसान सोसणारा आणि पैशाने होईल तेवढी भरपाई असते. हयगय शाबीत होण्यास तीन गोष्टी लागतात. समोरच्या माणसाविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य असले पाहिजे, ते कर्तव्य मोडले गेले पाहिजे, आणि त्या मोडण्यामुळेच नुकसान झाले पाहिजे. कर्तव्य कोणाविषयी, ह्याचे उत्तर १९३२ साली लॉर्ड अॅट्किन ह्यांनी स्कॉटलंडहून आलेल्या एका खटल्यात दिले. आपल्या कृतीची झळ ज्यास लागेल हे आधी ध्यानात यावयास हवे, तो आपला शेजारी, आणि शेजाऱ्याविषयी काळजी घेणे हे कर्तव्य. आमचा गवळी कोणाचाही नातेवाईक नव्हता. पण संध्याकाळी त्या रस्त्याने कोणीतरी जाणारच, एवढे कळण्यास पदवी लागत नाही. तो खड्ड्याचा शेजारीच होता. कर्तव्य किती, ह्याला कायद्याचे माप म्हणजे सामान्य समंजस मनुष्य. तो अतिसावध नसतो आणि बेफिकीरही नसतो. खणलेल्या खड्ड्यावर तो कंदील ठेवतो. उलट, कंदील असूनही कोणी डोळे मिटून धावला, तर स्वतःच्या हयगयीचा वाटा त्याला सोसावा लागतो.

ही तत्त्वे विलायती आहेत असे समजून कोणी दूर सारू नयेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीवानाविषयी जे नियम आहेत ते वाचून आधुनिक वकीलही चकित होईल. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, किंवा गाडीवानाने ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितले असले, तर झालेल्या नुकसानीबद्दल दंड नाही. परंतु गाडीवान अडाणी असल्यामुळे गाडी रस्ता सोडून गेली, तर दंड मालकाला, आणि गाडीवान कुशल असूनही चुकला तर दंड गाडीवानाला. अकुशल माणूस नेमणे हीच मालकाची चूक, हा विचार त्यात स्पष्ट आहे. इंग्रजी कायदा येथे एक पाऊल पुढे जातो. नोकराने नोकरीचे काम करीत असताना हयगय केली, तर नोकर कुशल असो वा नसो, धनीही जबाबदार. कारण कामाचा लाभ धन्याला होतो आणि भरपाई देण्याची ऐपतही त्याचीच असते.

कर्तव्याची कसोटी किती काटेकोर असते हे पाहावयाचे असेल, तर कोकणातून निघून दिल्लीपर्यंत गेलेला एक खटला पाहावा. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्यास मोटारीने पुण्यास नेण्यात आले. तेथील शल्यचिकित्सकाने पुरेशी भूल न देता, माणसांकरवी पाय जोराने ओढून हाड बसविले, आणि त्या धक्क्याने मुलगा त्याच दिवशी दगावला. मुलाचे वडील स्वतः दापोलीस वैद्यकव्यवसाय करीत. त्यांनी लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयात १९६८ साली निकालात निघाला. न्यायालयाने सांगितले की, वैद्याचे कर्तव्य तिहेरी असते. रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना, आणि तो उपचार करताना, तिन्ही वेळी त्याने योग्य काळजी घेतली पाहिजे. भरपाई ठरली ३,००० रुपये. पंधरा वर्षे झगडणारा तो बाप ह्या रकमेसाठी झगडला असेल असे कोण म्हणेल? त्याला चूक ही चूक म्हणून लिहिलेली हवी होती.

तेथे धनी आणि नोकर दोघेही खासगी होते. धनी स्वतः सरकार असले म्हणजे वाट निराळी होते, आणि ती वाट तंजावरच्या मराठी राजवाड्यातून सुरू होते.

झाशीचे संस्थान बुडाल्यावर दीड वर्षाने, ऑक्टोबर १८५५ मध्ये, तंजावरचे शिवाजीराजे भोसले पुत्ररहित वारले. कंपनीने राज्य तर नाहीसे केलेच, पण १८५६ साली राजवाड्यावर पहारा बसवून राजाची खासगी मिळकतही ताब्यात घेतली. ज्येष्ठ विधवा राणी कामाक्षीबाई ह्यांनी जे केले ते लक्ष्मीबाईंना करता आले नव्हते. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला आणि तो जिंकला. एका मराठी विधवेने कंपनी सरकारला कोर्टात हरविले, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून एखाद्या ओळीपलीकडे येत नाही. परंतु १८५९ साली विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. कंपनीने जे केले ते न्याय्य होते असे कौन्सिलने म्हटले नाही. ते राजकृत्य होते, आणि राजकृत्याचा न्याय करण्याचा अधिकार कोणत्याही कोर्टास नाही, एवढेच म्हटले. ह्यानंतरची गोष्ट अधिक बोलकी आहे. १८६२ साली हिंदुस्थान सरकारने ती मिळकत राणीवर्गाला परत केली. कोर्टात हक्काने मागितली तेव्हा मिळाली नाही, आणि सरकारच्या मनात आले तेव्हा तीच मिळकत कृपा म्हणून मिळाली. राणीवर्गाच्या घरात वस्तू तीच आली. फक्त ती कोणत्या शब्दाने आली, हे बदलले.

सरकार मात्र दोन प्रकारचे असते, एक राज्य करणारे आणि एक कारखाने चालविणारे, हा शोध त्याच सुमारास कलकत्त्यास एका घोड्यामुळे लागला. खिदिरपूरच्या सरकारी गोदीत काही मजूर आगबोटीचा जड लोखंडी भाग उचलून भर रस्त्याने नेत होते. समोरून पेनिन्शुलर अँड ओरिएंटल ह्या आगबोट कंपनीची घोडागाडी आली. गाडीवानाने आरोळी दिली. मजूर गोंधळले, कोणी इकडे तर कोणी तिकडे सरले, आणि हातातले लोखंड त्यांनी खाली टाकले. त्या आवाजाने घोडा बुजला, लोखंडावर गेला आणि जखमी झाला. नुकसान ३५० रुपयांचे होते. गाडीवानाने आरोळी दिली होती, तेव्हा मनूच्या हिशेबानेही तो सुटला असता. मुख्य न्यायमूर्ती सर बार्न्स पीकॉक ह्यांनी १८६१ साली निर्णय दिला की, गोदी चालविणे हे काम खासगी व्यापारीही करू शकतो, म्हणून तेथील हयगयीबद्दल सरकार जबाबदार. पण जे काम केवळ सार्वभौम सत्ताच करू शकते, त्याबाबतीत सरकारवर दावा चालणार नाही. घोड्याला न्याय मिळाला, आणि त्याच निकालातील दुसऱ्या वाक्याने पुढे शंभर वर्षे माणसांची वाट अडविली.

ती कशी, हे राज्यघटनेचे कलम ३०० वाचले म्हणजे कळते. १८५८ च्या कायद्याने राणीच्या सरकारवर तेवढेच दायित्व ठेवले जेवढे पूर्वी कंपनीवर होते. १९१५ आणि १९३५ च्या कायद्यांनी तेच पुढे ढकलले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेनेही, संसद किंवा विधिमंडळ निराळा कायदा करीपर्यंत, तेच कायम ठेवले. म्हणजे स्वतंत्र भारतातील नागरिकाने सरकारकडून भरपाई मागितली की, प्रश्न विचारला जाऊ लागला तो असा : ईस्ट इंडिया कंपनी असती तर तिच्यावर दावा चालला असता काय? इंग्लंडने तर स्वतःच्या राजसत्तेचे हे कवच १९४७ च्या कायद्याने बहुतांशी उतरवून ठेवले होते. आपल्याकडे मोतीलाल सेटलवाड ह्यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५६ साली आपला पहिलाच अहवाल ह्या विषयावर दिला आणि कायदा करण्याची शिफारस केली. पहिला अहवाल ह्याच विषयावर निघाला, ह्यावरूनच त्याची निकड ध्यानात यावी.

कायदा झाला नाही. तेव्हा काम न्यायालयांवर पडले. उदयपुरास फेब्रुवारी १९५२ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत येत असता बेफाम चालविली गेली आणि रस्त्याच्या कडेने चाललेला एक गृहस्थ तिच्याखाली सापडून तीन दिवसांनी वारला. त्याची विधवा विद्यावती आणि तीन वर्षांची मुलगी ह्यांच्या दाव्यात उच्च न्यायालयाने १५,००० रुपये देवविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ते कायम केले. कल्याणकारी राज्य म्हणविणाऱ्या शासनाने जुन्या राजाचे कवच अंगावर बाळगण्याचे कारण नाही, असा त्या निकालाचा सूर होता. आता मार्ग खुला झाला असे वाटले.

तो बंद झाला तो एका मराठी न्यायमूर्तींच्या लेखणीने, आणि ही गोष्ट लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते. २० सप्टेंबर १९४७ च्या रात्री अमृतसरचा एक सराफ सोनेचांदी विकण्यासाठी मीरतेस उतरला. पोलिसांनी संशयावरून त्यास पकडले, शंभराहून अधिक तोळे सोने आणि दोन मणांहून अधिक चांदी जप्त केली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला जामिनावर सोडले. चांदी परत मिळाली. सोने मात्र नियमाप्रमाणे खजिन्यात न ठेवता पोलिसांच्या मालखान्यातच ठेवले गेले, आणि तेथील हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला. सराफाने सोने किंवा त्याची किंमत मागितली. खटला सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर ह्यांच्यापुढे आला. ते साताऱ्यास जन्मलेले, संस्कृत पंडितांच्या घराण्यातले, आणि डेक्कन कॉलेजात शिकलेले. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी दिलेल्या निकालात पोलिसांची हयगय उघडपणे मान्य केली. परंतु अटक, झडती व जप्ती हे सार्वभौम सत्तेचे अधिकार असल्यामुळे सरकार जबाबदार नाही, असे ठरविले. खिदिरपूरच्या निकालातले दुसरे वाक्य असे फळाला आले.

गजेंद्रगडकरांविषयी अन्याय होऊ नये म्हणून त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा निकाल देताना आपणांस समाधान वाटत नाही हे त्यांनी निकालातच लिहिले, आणि इंग्लंडप्रमाणे कायदा करण्याविषयी विधिमंडळांना विनविले. कायदा जसा आहे तसा सांगणे न्यायाधीशाचे काम, आणि तो वाईट आहे हेही सांगणे प्रामाणिक न्यायाधीशाचे. तरीही मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. संस्कृत शास्त्रांच्या त्या जाणत्यास हे ठाऊक नसणे शक्य नाही की, चोरीस गेलेले धन राजाने प्रजेस परत मिळवून द्यावे, न दिल्यास तो दोषाचा धनी होतो, असे याज्ञवल्क्याने सांगितले आहे, आणि ते न सापडल्यास राजाने स्वतःजवळचे द्यावे अशी कौटिल्याची आज्ञा आहे. पेशवाईतही गावात चोरी झाली, तर माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखविणे किंवा नुकसान भरून देणे ही जबाबदारी गावावर व त्याच्या जागल्यांवर असे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात ती पद्धत नमूद केली आहे. बाहेरच्या चोराने नेलेल्या धनाबद्दल जुना राजा बांधलेला होता. येथे तर सरकारच्याच कुलपातून सरकारच्याच हवालदाराने सोने नेले होते. सार्वभौमत्वाचे ते कवच आपले नव्हते. ते इंग्रजांनी आणले आणि इंग्रजांनी टाकले, आणि आपण जपून ठेवले.

सरन्यायाधीशांच्या विनंतीला अनुसरून १९६५ साली व पुन्हा १९६७ साली लोकसभेत विधेयके आली. दोन्ही बारगळली, आणि तसा सर्वसाधारण कायदा त्यानंतरही झालेला नाही. कोंडी फुटली ती पुन्हा न्यायालयातच, आणि पुन्हा एका मराठी सरन्यायाधीशांच्या हातून. बिहारमधील एक कैदी जून १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही ऑक्टोबर १९८२ पर्यंत तुरुंगातच राहिला होता. चौदा वर्षे त्याच्या सुटकेचा कागद कोणाच्याही नजरेस पडला नाही, किंवा पडला आणि बाजूस सरकविला गेला. पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते. त्यांनी १९८३ साली सांगितले की, अशा माणसाला नुसते सोडून देणे म्हणजे घटनेतील स्वातंत्र्याच्या हक्काला तोंडदेखला मान देणे होय. त्यांनी आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये भरपाई देवविली आणि दिवाणी दाव्याचा त्याचा हक्कही राखून ठेवला. रक्कम लहान होती, पण मूलभूत हक्क मोडला तर सरकार पैशाने उत्तरदायी होते, हे तत्त्व मोठे होते. पुढे १९९३ साली ओरिसातील नीलाबती बेहेरा ह्यांच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा प्रसंगी सार्वभौमत्वाचा बचाव चालणारच नाही. १९९४ च्या नागेंद्र राव खटल्यात, जप्त केलेला माल सरकारच्या ताब्यात नासल्याबद्दल सरकारला जबाबदार धरताना, आधुनिक राज्यात त्या जुन्या भेदास जागा नाही असेही सांगितले. गजेंद्रगडकरांचा निकाल कोणी समारंभाने रद्द केला नाही. तो हळूहळू झिजला.

ह्या मालिकेतील आणखी एकच खटला सांगतो, कारण तो आपल्या मराठवाड्यातला आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात एका स्त्रीची प्रसूती झाली आणि पाठोपाठ शस्त्रक्रिया झाली. तिचा ताप व वेदना वाढत गेल्या. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत एक टॉवेल निघाला. काही दिवसांत ती वारली. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयाने सरकारला सोडविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली खोडवा खटल्यात ते ३६,००० पुन्हा देवविले. काही प्रसंग असे असतात की तेथे पुराव्याची गरज पडत नाही, वस्तूच बोलते. पोटात राहिलेला टॉवेल ही तशी वस्तू होय. कोणत्या हाताने तो ठेवला हे सिद्ध होवो वा न होवो, रुग्णालय सरकारचे आहे आणि रुग्णालय चालविणे हे राजकृत्य नव्हे. परंतु ह्या निकालास तेहतीस वर्षे लागली. त्या बाईचे तेव्हा जन्मलेले मूल निकालाच्या दिवशी तेहतिसाव्या वर्षात असते.

आता पुन्हा झाशी. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री येथील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली. त्या रात्री दहा अर्भके दगावली, आणि नंतरच्या दिवसांत आकडा वाढला. दोष कोणाचा होता हे ठरविणे चौकशीचे व न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. प्रत्येक मृत बालकामागे राज्यशासनाने ५ लाख आणि पंतप्रधान सहायता निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले. ही रक्कम सानुग्रह होती. तो शब्द वाचला आणि आमच्या डोळ्यांपुढे गवळ्याच्या मुलाचे जोडलेले हात उभे राहिले.

सानुग्रह मदत तुच्छ आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ती आठवड्यात मिळते, दाव्याला तेहतीस वर्षे लागतात. चितेच्या आणि चुलीच्या वेळी आठवडा हाच न्याय असतो. शिवाय काही ठिकाणी कायद्याने दोन्हींचा मेळ घातलाही आहे. झाशी हे रेल्वेचे मोठे केंद्र, म्हणून तेथलेच उदाहरण घेऊ. आज वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव धारण करणाऱ्या ह्या स्थानकातून जाणारा उतारू गाडीच्या अपघातात मरण पावला, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे रेल्वेची चूक सिद्ध न करताही त्याच्या वारसांस भरपाईचा हक्क आहे. २०१७ पासून ती ८ लाख रुपये आहे, आणि तिच्यासाठी निराळे न्यायाधिकरण आहे. गाडीत बसलेल्याला जे हक्काने मिळते, ते गाडीतून उतरून सरकारी खड्ड्यात पडलेल्याला कृपेने का मिळावे, ह्याचे उत्तर आम्हांस कोणी दिलेले नाही.

हक्क आणि कृपा ह्यांत पैशापलीकडचा भेद आहे तो असा. कृपा प्रश्न विचारीत नाही. कोणी काय करावयास हवे होते, आणि ते का केले नाही, हे तिला नको असते. म्हणून कृपा झाली की प्रकरण बंद होते आणि पुढचा खड्डा पुन्हा कंदिलावाचून खणला जातो. आमच्या गवळ्याच्या प्रकरणात कंदील कोणी ठेवावयाचा होता हे नस्तीत कोठेही लिहिलेले नाही, कारण ते लिहिण्याची गरजच आम्ही एका शब्दाने नाहीशी केली होती. भरपाई मात्र प्रथम चूक शोधते, मग चुकीला नाव देते, आणि मग पैसे देते. अपकृत्याच्या कायद्याचे खरे काम पैसे देवविणे नव्हे, काळजी शिकविणे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती तलवार नाही, निकाल देण्याची लेखणीही नाही. टिपण लिहिण्याची लेखणी मात्र आहे, आणि ह्या सर्व इतिहासात तिचाही भाग आहे. चौदा वर्षे तुरुंगात राहिलेला तो माणूस एका कागदावाचून राहिला होता, मीरतेचे सोने एका नियमाची नोंद न पाळल्याने गेले, आणि हे सर्व आमच्यासारख्यांच्या टेबलावर घडले. लक्ष्मीबाईंनी वेतन नाकारले तेव्हा त्यांनी कृपेच्या कागदावर हक्काची सही करण्यास नकार दिला होता. तेवढे धैर्य आमच्या अंगी नाही. परंतु राणीमहालातून परतताना आम्ही एक निश्चय केला. यापुढे आमच्या हाती असा अर्ज आला, तर अर्जदाराने वापरलेला शब्द आम्ही खोडणार नाही. वरिष्ठांस तो खोडावासा वाटला तर त्यांनी स्वतःच्या हाताने खोडावा, आणि खाली सही करावी.